मोटारीची झळाळी आणि मातीची वडी

एखाद्या वस्तूवर झळाळी चढते ती दोन गोष्टींमुळें. तिच्यावर काय लावलें ही एक गोष्ट. आणि लावण्यापूर्वीं तिच्यावरचें काय काढून टाकलें ही दुसरी. पाहणाऱ्याचें लक्ष बहुधा पहिलीकडे जातें. जाणता कारागीर मात्र आपला अधिक वेळ दुसरीला देतो. घरोघरीं तांब्यापितळेचीं भांडीं होतीं त्या काळीं, गल्लींत भाता मांडून बसणारा कल्हईवाला हें नित्य दाखवून देत असे. भांडें हातीं येतांच तो त्याला कथील लावीत नसे. प्रथम तें वाळूनें व राखेनें घांसून घेई. मग विस्तवावर धरी. तापलेल्या भांड्यांत नवसागराची भुकटी टाकून धातूवर धरलेला काळपट थर उडवून लावी. आणि मगच कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानें तें कथील पातळ पसरी. नवसागराची पायरी वगळली, तर कथील धातूला धरीत नाहीं. त्याचे गोळे होऊन तें घरंगळतें. चकाकी कथिलाची दिसे, पण ती टिकविण्याचें काम आधींच्या सफाईनें केलेलें असे.

मोटारगाडीच्या रंगाची निगा ही याच जातीची विद्या आहे. गाडीला मेण लावण्यापूर्वीं तिच्या रंगाचा पृष्ठभाग एका मऊ, चिवट वडीनें नितळ करून घेण्याची रीत आज जगभर रूढ झाली आहे. या वडीला ‘क्ले बार’, म्हणजे मातीची वडी, असें म्हणतात. गाड्या वाढल्या तसें हें नांव मोठ्या शहरांतून लहान गांवांपर्यंत येऊन पोंचलें. परंतु नांवाबरोबर दोन गैरसमजही आले. ही माती म्हणजे शेतांतली किंवा कुंभाराच्या चाकावरची माती, असा पहिला समज. आणि ती फिरविली कीं गाडीवरचे सारे ओरखडे नाहींसे होतात, असा दुसरा. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि पहिला तर गाडीचें कायमचें नुकसान करणारा आहे. ते दूर करण्याचा सरळ मार्ग म्हणजे ही वडी कशी व कां निर्माण झाली हें पाहणें. आणि त्यासाठीं मोटारीच्या रंगाच्या इतिहासापासून आरंभ केला पाहिजे.

मोटारगाडी जन्मास आली तेव्हां तिला स्वतःचा असा रंग नव्हता. घोडागाडीचाच रंग तिनें उसना घेतला. जवसाचें तेल, राळ आणि रंगद्रव्य यांपासून केलेलें वार्निश कुंचल्यानें थरावर थर देऊन लावीत. एकेक थर वाळण्यास दिवसच्या दिवस लागत. वाळलेला थर ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या बारीक पुडीनें, पाणी सोडून, घोटून सपाट करीत आणि त्यावर पुढचा थर देत. अशा रीतीनें एक गाडी रंगून बाहेर पडण्यास कित्येक आठवडे जात. रंग देण्यापेक्षां रंग घोटण्यांतच कारागिराचे श्रम अधिक खर्च होत, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

अमेरिकेंतील हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यानें १९०८ सालीं ‘मॉडेल टी’ ही गाडी काढली. तिची मागणी अशी वाढली कीं रंग वाळण्यास लागणारा वेळ हाच कारखान्याचा मोठा अडथळा होऊन बसला. भट्टींत लवकर सुकणारें डांबरी काळें वार्निश त्यांतल्या त्यांत सोईचें. म्हणून १९१४ पासून १९२५ पर्यंत ही गाडी केवळ काळ्या रंगांतच मिळत असे. लोकांना पुष्कळदां ही फोर्ड यांची लहर वाटते. वस्तुतः ती घाईची गरज होती.

हा अडथळा दूर केला तो कापसानें. कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया घडविली म्हणजे नायट्रोसेल्युलोज नांवाचा पदार्थ तयार होतो. पहिल्या महायुद्धांत तोफाबंदुकांच्या दारूसाठीं तो अमाप तयार करण्यांत आला होता. युद्ध संपल्यावर त्याला शांततेच्या काळांतील काम शोधणें भागच होतें. अमेरिकेंतील ड्यू पाँ या कंपनीनें त्यापासून ‘ड्यूको’ नांवाचें लॅकर सिद्ध केलें आणि १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर तें निळ्या रंगांत प्रथम झळकलें. कुंचल्याऐवजीं फवाऱ्यानें मारतां येणारें, आठवड्यांऐवजीं तासांत वाळणारें आणि अनेक रंगांत मिळणारें असें हें लॅकर होतें. ज्या वर्धा जिल्ह्याच्या काळ्या मातीनें हिंगणघाटच्या कापसाला एके काळीं परदेशच्या बाजारांत नांव मिळवून दिलें, त्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याला ही गोष्ट कौतुकाची वाटेल. मोटारीच्या रंगांतील पहिली मोठी क्रांति कापसाच्या तंतूंतून झाली.

पण या लॅकरलाही एक खोड होती. वाळल्यावर तें आपोआप चकाकत नसे. घोटावें तेव्हां चकाके. शिवाय उन्हापावसांत कांहीं महिने गेले कीं त्याचा वरचा पापुद्रा मृत होऊन खडूसारखा पांढुरका पडे. तो घोटून काढला कीं खालचा ताजा रंग दिसे. म्हणून गाडी घोटणें व वर मेण चढविणें हा मोटारमालकांचा नित्यक्रम होऊन बसला. या मेणांत मधमाश्यांचें मेण असे. पुढें ब्राझील देशांतील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून खरवडून काढलेलें कार्नोबा मेणही आलें. मधमाश्यांचें मेण सुमारें ६३ अंश सेंटिग्रेडला वितळतें. कार्नोबा ८० अंशांच्याही पुढें टिकाव धरतें. विदर्भाच्या उन्हाळ्यांत, जेथें सावलींतला पारा ४५ अंश ओलांडतो आणि उन्हांत उभ्या असलेल्या काळ्या पत्र्याला हात लावतां येत नाहीं, तेथें हा भेद केवळ पुस्तकी राहत नाहीं.

मेणाचें काम मात्र नीट समजून घेतलें पाहिजे. मेण रंगावर पातळ पडदा धरतें. पाणी, धूळ व ऊन यांचा पहिला मारा स्वतः सोसतें आणि झिजून जातें. तें सफाई करीत नाहीं. खालीं जें असेल त्यावर तें बसतें. खालचा पृष्ठभाग नितळ असेल तर नितळपणा राखला जातो. खालीं मळ असेल तर मळच बंदिस्त होतो. जुन्या लॅकरच्या काळीं ही अडचण फारशी जाणवली नाहीं. कारण प्रत्येक वेळीं घोटण्यांत रंगाचा वरचा पापुद्रा मळासकट निघून जात असे. रंग जाड होता, आणि तो थोडा थोडा खर्च करण्याची मुभा होती. पुढें ती मुभा संपली आणि तेथूनच मातीच्या वडीची गोष्ट सुरू होते.

ती गोष्ट पुढें नेण्यापूर्वीं मातीसंबंधीं थोडें सांगणें अवश्य आहे. आणि त्यासाठीं वर्ध्याहून योग्य ठिकाण शोधून सांपडणार नाहीं. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचें केंद्र बनली. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं तेथें घाणीचें तेल, हातकागद, साबण, मधमाशीपालन असे उद्योग चालूं लागले. १९३६ च्या एप्रिलअखेर महात्मा गांधी जवळच्या शेगांवीं राहावयास गेले; त्या गांवाचें पुढें सेवाग्राम असें नांव झालें. तेथील कुटींच्या भिंती मातीच्या, जमिनी सारवलेल्या. मोटारीचें त्या परिसराला अप्रूप नव्हतें. जमनालालजी बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जोडून तिला विनोदानें ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, अशी एक गोष्ट आजही सांगितली जाते. पण त्या गांवीं मान होता तो मातीला. पोटावर व कपाळावर मातीची ओली पट्टी ठेवण्याचा उपचार गांधीजी स्वतः करीत व इतरांना सांगत. १९४२ सालीं आगाखान महालाच्या बंदिवासांत लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तकांत त्यांनीं पृथ्वीतत्त्वासंबंधीं लिहितांना, उपचाराची माती खरखरीत नसावी व ती चाळून घ्यावी, असा दंडक घालून दिला आहे.

हा चाळणीचा दंडक महत्त्वाचा आहे. कारण आपण ज्याला सरसकट माती म्हणतों, तींत दोन भिन्न वस्तु मिसळलेल्या असतात. एक खरी चिकणमाती. तिचे कण मिलिमीटरच्या पांचशेंव्या भागाहूनही लहान, चपटे आणि मऊ असतात. दुसरी कच; म्हणजे दगडाचा बारीक चुरा. विदर्भाच्या पश्चिम भागांतली काळी जमीन काळ्या पाषाणाच्या झिजेपासून बनली आहे आणि रस्त्यांवरची खडीही त्याच पाषाणाची. त्या पाषाणांतील खनिजें मोटारीच्या रंगाहून कितीतरी कठीण असतात. चिकणमाती अंगाला लावली तर अंग मऊ होतें. कच लावली तर कातडी सोलवटते. कुंभार माती पाण्यांत कालवून, नितळून, खडे वेगळे काढतो तो याच कारणासाठीं.

मातीनें सफाई करण्याच्या रीतीही तीन आहेत. पहिली शोषण्याची. मुलतानी माती केसांतील व कापडांतील तेल ओढून घेते. प्राचीन रोममध्यें लोंकरी कापड धुणारे कारागीर अशाच मातीचा उपयोग करीत. दुसरी घांसण्याची. चिंच व माती घेऊन पितळेचा तांब्या घांसतात तेव्हां चिंचेचें आम्ल डाग सोडवितें आणि मातींतली कच तो खरवडते. तिसरी रीत चिकटवून उचलण्याची. ओल्या पिठाचा गोळा परातींतून फिरविला कीं परातीला चिकटलेले पिठाचे कण तो स्वतःबरोबर घेऊन येतो. कणीक मळणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ही रीत ठाऊक आहे. मोटारीची मातीची वडी मुख्यतः या तिसऱ्या रीतीनें काम करते. तिला पितळेच्या तांब्याची रीत लावणें हेंच मूळ चुकीचें आहे.

आतां मोटारीच्या रंगाकडे पुन्हां वळूं. १९३० नंतर लॅकरच्या जोडीला कृत्रिम राळेचीं एनॅमलें आलीं. १९५० नंतरच्या दशकांत ॲक्रिलिक रंग आले. आणि १९८० च्या सुमारास एक मोठा पालट झाला. रंगाचा एक पातळ थर आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक थर, अशी दुहेरी रचना रूढ झाली. धातूची चमक असलेल्या रंगांना तर ती आवश्यकच ठरली. या वरच्या थराला ‘क्लिअर कोट’ म्हणतात. गाडीची सारी चकाकी त्या थराची असते आणि खालच्या रंगाचें उन्हापासून रक्षणही तोच करतो. पण त्याची जाडी किती? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आंतच. माणसाच्या केसाहूनही हा थर बहुधा बारीक भरतो. जुन्या लॅकरसारखा तो वारंवार घोटून खर्च करतां येत नाहीं. एकदां झिजला कीं तो आपोआप परत येत नाहीं. गाडी नव्यानें रंगवावी लागते.

याच काळांत त्या थरावर बसणारा मळही बदलला. नुसती धूळ पाण्यानें जाते. पण पाण्यानें न जाणारे पदार्थ पुष्कळ आहेत. रस्त्याचें डांबर, झाडाचा चीक, किड्यांचे अवशेष, शेजारीं चाललेल्या रंगकामाचे उडालेले थेंब, आणि सर्वांत उपद्रवी म्हणजे लोखंडाचे सूक्ष्म कण. आगगाडीचीं चाकें रुळांवर घांसतात, ब्रेकचे ठोकळे चाकांवर आवळले जातात, आणि लोखंडाची तापलेली भुकटी हवेंत उडते. कारखान्यांतून निघालेल्या नव्या गाड्या आगगाडीनें दूरदेशीं पाठविल्या जात, तेव्हां त्यांच्यावर ही भुकटी बसे. म्हणून परदेशीं तिला ‘रेल्वेची धूळ’ असेंच नांव पडलें. मोटारींचे स्वतःचे ब्रेक, ओतशाळा आणि पोलादाच्या भट्ट्या यांतूनही ती निघते. हा कण रंगांत रुततो, दंवानें व पावसानें गंजतो, गंजतांना फुगतो, आणि पारदर्शक थराला भोंवतालीं बारीक तडा देतो. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसूं लागतात ते हेच. साबणानें ते निघत नाहींत. घोटून काढावे तर त्यांच्याबरोबर तो दुर्मिळ थरही निघतो.

घोटल्यावांचून मळ काढावयाचा, हा प्रश्न जपानांत सुटला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथें गाड्यांच्या रंगशाळांतून एक मळतां येणारी वडी वापरांत आली. जपानी भाषेंत तिला ‘नेन्दो’, म्हणजे चिकणमाती, म्हणत. इंग्रजींत त्याचेंच ‘क्ले’ झालें. ताडाओ कादाते या संशोधकाला तिच्यासाठीं अमेरिकेंत १९९० नंतरच्या दशकांत पेटंटें मिळालीं. त्यांच्या मथळ्यांत तिला माती म्हटलेलें नाहीं. घडणशील, लवचीक असा घांसण्याचा दगड म्हटलें आहे, आणि हें नांव अधिक खरें आहे. कारण वडींतला मुख्य पदार्थ पॉलिब्युटीनसारखी चिकट कृत्रिम राळ असून तींत अत्यंत बारीक, मोजून चाळलेली घर्षणपूड समप्रमाणांत मिसळलेली असते. शेतांतल्या मातीचा तींत संबंध नाहीं. नांव तेवढें मातीचें. दंडक मात्र चाळणीचाच!

तिचें कार्य असें चालतें. रंगावर साबणाचें पाणी शिंपडून वडी हलक्या हातानें फिरविली म्हणजे ती पाण्याच्या पातळ थरावर तरंगत सरकते. सपाट रंगाला ती जवळजवळ शिवत नाहीं. पण वर डोकें काढून बसलेला कण वाटेंत आला कीं ती त्याला अडते, धरते, उपटते आणि आपल्या अंगांत सामावून घेते. सुताराचा रंधा ज्याप्रमाणें फळीचा उंचवटा तेवढा काढतो, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. भेद एवढाच कीं येथें रंधा मऊ असून उंचवटा परका आहे. यावरून तिची मर्यादाही स्पष्ट होते. ओरखडा हा उंचवटा नव्हे, तो खड्डा आहे. वडी त्याला स्पर्शच करीत नाहीं. जो कण पृष्ठभागाच्या आंत पूर्ण बुडाला, तोही तिच्या हातीं लागत नाहीं.

भारतांत या वडीची गरज फार उशिरां भासली. अँबेसेडर व फियाट यांच्या काळीं रंग साधा, एकेरी, गाड्या थोड्या, आणि घोटून चकाकी आणण्याची जुनी रीत पुरेशी होती. १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची पहिली गाडी रस्त्यावर आली, पुढें नवे कारखाने आले आणि दुहेरी रंगाच्या गाड्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांपर्यंत पोंचल्या. रंग बदलला, पण निगेची रीत तीच राहिली. सकाळीं कोरडें फडकें घेऊन धूळ झटकणें, आणि चकाकी कमी झाली कीं घोटणें, ही रीत जुन्या जाड रंगाला चालून गेली. नव्या पातळ थराला ती चालत नाहीं.

वर्धा जिल्ह्यांत तर या चुकीची किंमत अधिक मोजावी लागते. वर्धा हें जुनें जंक्शन. नागपूरकडे, भुसावळकडे आणि बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाड्या येथून सुटतात, व लोखंडी भुकटीचा उगम लोहमार्गालगतच्या वस्तीला नवा नाहीं. उन्हाळ्यांत वावटळी काळ्या पाषाणाची कच उडवितात. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी असा खुला झालेला समृद्धि महामार्ग या जिल्ह्यांतून जातो. त्यावर ताशीं १२० किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या गाडीच्या तोंडावर किडे आदळून चिकटतात आणि उन्हानें तेथेंच भाजून निघतात. अशा गाडीवर पहाटे कोरडें फडकें फिरविणारा मनुष्य प्रेमानें करीत असलेलें काम म्हणजे कच रंगांत घांसणें होय. एका दिवसांत कांहीं दिसत नाहीं. दोन वर्षांनीं उन्हांत गाडी उभी राहिली म्हणजे तिच्या पाठीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उमटलेले दिसतात. शिक्षकानें, शेतकऱ्यानें वा लहान दुकानदारानें कर्ज काढून घेतलेली ती गाडी असते. तिचे हप्ते फिटण्यापूर्वीं तिचें रूप उतरतें, आणि विकावयास काढली तर दामही उतरतो.

म्हणून योग्य रीत थोडक्यांत सांगणें उपयुक्त ठरेल. काम सावलींत, पत्रा गार असतांना करावें. वर्ध्याच्या उन्हाळ्यांत याचा अर्थ सूर्योदयाच्या आधीं किंवा दिवेलागणीनंतर. उन्हानें वडी विरघळल्यासारखी मऊ होऊन रंगाला चिकटते. प्रथम गाडीवर पाणी ओतून सुटी कच वाहून जाऊं द्यावी. फडकें नंतर लावावें. मग सौम्य शांपूच्या पाण्यानें, वरून खालीं, धुवावी. दोन बादल्या घ्याव्या. एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडकें खळबळून कच सोडण्याची. पाण्याची टंचाई असली तरी ही दुसरी बादली सोडूं नये. तीच खरी चाळणी आहे.

गाडी धुवून झाल्यावर बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून ओल्या पत्र्यावरून अलगद फिरवावीं. उघड्या बोटांना जें कळत नाहीं तें पिशवींतून कळतें. पत्रा गुळगुळीत लागला तर वडीची गरजच नाहीं. वाळू पसरल्यासारखा खरखरीत लागला तरच ती घ्यावी. लोखंडी कण फार असतील तर आधीं त्यासाठीं मिळणारें द्रावण फवारावें. तें लोखंडाशीं मिळून जांभळें होतें, त्यामुळें कण कोठें आहेत हेंही दिसतें. वास उग्र असतो. हातमोजे घालावे आणि तें वाळूं न देतां धुवून टाकावें.

मग वडीचा लहानसा तुकडा तोडून तीनचार बोटांखालीं राहील एवढा चपटा करावा. रंगावर शांपूचें पाणी सढळ शिंपडावें. हात दोन हातांच्या चौकोनापुरताच, सरळ रेषेंत, पुढेंमागें चालवावा. गोल फिरवूं नये, दाब देऊं नये. आरंभीं खरखर ऐकूं येते व वडी अडते. हळूहळू आवाज मावळतो आणि हात सहज सरकतो. तेवढा भाग झाला असें समजावें. वडी उलटून पाहावी. तिच्यावर करडे, तपकिरी डाग दिसतील. ती दुमडून, मळून, स्वच्छ बाजू वर आणावी आणि पुढें जावें. दारांचे खालचे भाग सर्वांत शेवटीं घ्यावे. आणि एक नियम कधींही मोडूं नये. वडी जमिनीवर पडली तर ती टाकून द्यावी. पैसे पडले म्हणून जीव हळहळतो. परंतु तींत शिरलेली कच साऱ्या गाडीवर ओरखडे ओढील, आणि मग वांचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च रंगावर होईल.

वडीबरोबर जुनें मेणही निघून जातें. म्हणून सफाई झाली कीं त्याच दिवशीं मेण चढविलें पाहिजे. उघड्या रंगाची गाडी तशीच उन्हांत ठेवणें म्हणजे कल्हई काढून भांड्यांत आंबट शिजविणें. मेण फार पातळ लावावें. जाड थरानें लाभ होत नाहीं, पुसण्याचे श्रम तेवढे वाढतात. हें सारें वर्षांतून एकदां, फार तर दोनदां करावें. चकाकी नसलेल्या मुद्दाम मंद ठेवलेल्या रंगावर वडी चालवूं नये, आणि नव्यानें रंगविलेल्या गाडीला रंग पुरता पक्का होईपर्यंत कांहीं आठवडे जाऊं द्यावे.

या सर्वावर एक आक्षेप येऊं शकतो, आणि तो ज्या भूमींत सेवाग्राम आहे तेथें तर अवश्य यावा. गाडी ही वाहण्याची वस्तु; तिच्या रूपासाठीं एवढा खटाटोप कां? ज्या मगनवाडींत कुमारप्पांनीं टिकाऊपणावर आधारलेल्या अर्थव्यवस्थेचा विचार मांडला, तेथें झळाळीचें काय कौतुक? आक्षेप अर्धा खरा आहे. दर आठवड्यास घोटून शेजाऱ्याला दिपविण्यासाठीं चाललेली सफाई ही हौसच आहे, आणि ती गाडीला घातकही आहे. पण वर्षांतून एकदां परका कण काढून रंगाचा मूळ थर राखणें ही हौस नव्हे, काटकसर आहे. रंग गेला कीं पत्रा गंजतो. पत्रा गंजला कीं वस्तु मोडीत जाते. जें आहे तें टिकविण्याकरितां केलेले श्रम आणि नव्याच्या हव्यासापायीं केलेला खर्च, या दोहोंत भेद करावा, हीच तर त्या विचाराची शिकवण आहे.

मोटारीच्या रंगाचा शंभरांहून अधिक वर्षांचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट ठळकपणें दिसते. रंग जाड होता तोंवर माणसानें तो घांसून चकाकी मिळविली. थर पातळ झाला तेव्हां त्याला न घांसतां स्वच्छ करण्याची युक्ति शोधावी लागली. जसजशी वस्तु नाजूक होत गेली, तसतसा हात हलका होत गेला. कल्हईवाल्याचा नवसागर, कुंभाराची नितळलेली माती, आश्रमांतली चाळण आणि जपानची वडी हीं सारीं एकाच नियमाचीं रूपें आहेत. परकें तेवढें काढावें, मूळचें तसेंच राहूं द्यावें, आणि तें झाल्यावरच वर लेप चढवावा. हा क्रम ज्याला साधला, त्याच्या गाडीला स्वस्त मेणही शोभा देतें. ज्यानें तो उलटा केला, त्याला महागांतलें महाग मेणही उपयोगी पडत नाहीं.